घरच्या दुर्बिणीने आकाशाचे फोटो: आपल्या बेळगाव भागात काय कुठं करून घ्यायचं

आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढं पैसे वाचतील. आकाशाचे फोटो बिघडतात ते कॅमेरा साधा आहे म्हणून नाही, स्टँड हलतो म्हणून आणि फोकस लागत नाही म्हणून. दिवाळीचा बोनस हातात आला की कोण ना कोण विचारतंच, ऑनलाइन अमुक पट मोठं दाखवणारी दुर्बीण दिसतेय, पोरासाठी घेऊ का. नका घेऊ. खोक्यावर पाच-सहाशे पट लिहिलेलं असतं, पण भिंग किंवा आरसा जेवढ्या मिलिमीटरचा त्याच्या दुप्पट, तेवढीच खरी मर्यादा. म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट, तेही हवा शांत असेल तर. आणि खाली जो काडीसारखा तिपाई स्टँड देतात त्यावर बोट लावलं की चंद्र अर्धा मिनिट थरथरत राहतो, फोटो काय काढणार डोंबल.

त्यापेक्षा आपला भाग बघा. उद्यमबागेत लेथवाले, फाउंड्रीवाले, हायड्रॉलिकवाले एकाला लागून एक बसलेत, गल्लीत सुतार आहे, पत्र्याचं काम करणारा आहे. दुर्बिणीचं निम्मं अधिक काम म्हणजे हेच, लाकूड लोखंड आणि आटे. काचेचं काम तेवढं वेगळं, त्यावर नंतर येतो.

पहिल्यांदा दुर्बीण नकोच, दोन फळ्या घ्या

नवीन माणसानं सुरुवात करावी ती फळीच्या ट्रॅकरनं, याला बार्न डोअर म्हणतात. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, त्यामुळं कॅमेरा स्थिर ठेवून जास्त वेळ उघडा ठेवला की ताऱ्यांच्या रेघा येतात. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथनं (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते ती) भागायचं, येईल तेवढे सेकंद तारे बऱ्यापैकी टिंब राहतात. मोबाइलच्या मेन कॅमेऱ्याला, जो साधारण २५-२६ मिलिमीटरच्या बरोबरीचा असतो, १९-२० सेकंद येतात, पण मी म्हणतो १५ च्या वर जाऊ नका. डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा) सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चकती, लहान असेल तर फोकल लेंथला आधी दीडनं गुणायचं, म्हणजे ५० ची लेन्स ७५ धरायची आणि जेमतेम ६ सेकंद मिळतात. सहा सेकंदात काय उजेड गोळा होणार? म्हणून कॅमेऱ्यालाच ताऱ्यांबरोबर फिरवायचं.

सामान असं. १८ मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या, एक फूट लांब आणि चार इंच रुंद. एक चांगली बिजागरी, हलवून बघून घ्या, पिनमध्ये जरासुद्धा खेळ असेल तर दुसरी मागा, इथं दहा-वीस रुपये वाचवू नका. एम ६ चा थ्रेडेड रॉड एक फूट, दोनचार नट, वायसर, एक डोम नट (गोल टोपीचा). बिजागरीनं फळ्या एका टोकाला जोडल्या की पुस्तकासारख्या उघडझाप होतात. आता खालच्या फळीत भोक कुठं पाडायचं हा सगळा खेळ आहे. बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंत २२८.५ मिलिमीटर, बरोब्बर. कारण एम ६ च्या आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर असते, एका फेऱ्याला फळी १ मिलिमीटर उचलली जाते, आणि ताऱ्यांची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत म्हणजे १४३६ मिनिटांत होते, त्याला २ × पाय (३.१४१६) नं भागलं की २२८.५ येतं. म्हणजे मिनिटाला एक फेरा दिला की फळी आभाळाच्या वेगानं उघडते. दुकानदारानं एम ८ दिला तर त्याची पिच सव्वा मिलिमीटर, मग अंतर २८५.७ घ्यायचं आणि फळी थोडी लांब करायची. पट्टीनं खुणा करू नका, ओळखीच्या लेथवाल्याकडनं व्हर्नियर मागून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

नट खालच्या फळीत ठोकून बसवा आणि अ‍ॅराल्डाइट लावा. रॉडच्या वरच्या टोकाला डोम नट, तो वरच्या फळीला जिथं टेकतो तिथं पत्र्याचा छोटा तुकडा चिकटवा, नाहीतर प्लायमध्ये खड्डा पडतो आणि धक्के बसतात. फळ्या एकमेकींना चिकटून राहाव्यात म्हणून दोन जाड रबर. रॉडच्या खालच्या टोकाला बरणीचं मोठं झाकण बसवा आणि त्यावर पेनानं चार खुणा करा. घड्याळाचा सेकंद काटा बघत १५ सेकंदाला पाव फेरा, खालून बघितलं तर घड्याळाच्याच दिशेनं. मोटर लावायची हौस असेल तर मिनिटाला एक फेरा देणारी १२ व्होल्टची गिअर मोटर मिळते, पण ५० च्या लेन्सपर्यंत हातानं मस्त होतंय, खरंच.

वरच्या फळीवर कॅमेरा धरायला बॉल हेड पाहिजे, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करता येतो. कॅमेऱ्याच्या खालचे आटे पाव इंची, इंचाला २० आटे, आपला मेट्रिक बोल्ट त्यात कोंबू नका, कॅमेऱ्याचे आटे जातील. तसे आटे पाडायचा टॅप कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतो.

आता उभं करायचं कसं. उत्तरेकडं तोंड करा, बिजागरी तुमच्या डाव्या हाताला म्हणजे पश्चिमेला, आणि तिची पिन ध्रुवताऱ्याकडं रोखलेली. बेळगावात ध्रुव क्षितिजापासून १६ अंशांवर दिसतो, कारण आपला अक्षांशच तेवढा आहे, खानापूरला किंचित खाली, निपाणीला किंचित वर, फरक धरू नका. सुताराला १६ अंश म्हटलं तर तो तुमच्याकडं बघत बसेल, त्याला सांगा १०० मिलिमीटर लांबीला २९ मिलिमीटर उंचीची पाचर काप. ती पाचर तिपाईच्या डोक्यावर बसवली की उंचीचं काम कायमचं मिटलं. बिजागरीला समांतर एक शहाळ्याची स्ट्रॉ चिकटवा आणि तिच्यातून ध्रुव बघा. आपल्याकडं ध्रुव इतका खाली की झाड, घर, धुकं काहीतरी आड येतंच, अशा वेळी मोबाइलचं होकायंत्र वापरा, आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात जेमतेम अंशभर फरक आहे, वाइड लेन्सला चालून जातंय. मोबाइल फक्त लोखंडी रॉडपासून आणि गाडीपासून लांब धरा.

५० ची जुनी लेन्स, एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ १६०० (सेन्सर उजेडाला किती तीक्ष्ण ते), एकेक मिनिटाचे फोटो, असे तीस-चाळीस, नंतर एकावर एक चढवायला. मृगाच्या बाणाखाली जी धूसर चांदणी दिसते ती एम ४२ तेजोमेघ, डिसेंबर-जानेवारीत डोक्यावर असते, पहिल्या रात्रीच गुलाबी येते.

फोकस

यावर वेगळं लिहितो कारण इथंच लोक हात टेकतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. ऑटोफोकस बंद, लाइव्ह व्ह्यू चालू, व्याध किंवा एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करा आणि तो सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगला सेलोटेप. आणखी पक्कं पाहिजे तर बाहतिनोव्ह मास्क कापा, पाव्हेल बाहतिनोव्ह नावाच्या रशियन हौशी माणसानं २००५ मध्ये काढलेली युक्ती आहे, जाड कागदात तीन दिशांच्या फटी कापून लेन्ससमोर धरायच्या, ताऱ्याला तीन लांब किरणं दिसतात आणि मधलं किरण दोघांच्या बरोबर मध्ये आलं की फोकस लागला. नमुना नेटवर फुकट मिळतो, झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून जुन्या प्लॅस्टिक फाईलवर चिकटवा आणि ब्लेडनं कापा, मग काढून ठेवायला विसरू नका, नाहीतर अख्खी रात्र किरणं.

आता दुर्बीण

माझं मत सहा इंची आरसा, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर, म्हणजे एफ ८ (फोकल लेंथ भागिले आरशाची रुंदी). लहान घेतली तर ग्रहांचं मन भरत नाही, आठ इंची घेतली तर बुलेटवर नेता येत नाही. शिवाय एफ ८ ला एक मोठी सोय आहे, आरसा पॅराबोला (मध्ये किंचित जास्त खोल) नाही झाला, नुसता गोल वक्र राहिला तरी चित्र चांगलं येतं. स्वतः घासणाऱ्याला हे वरदानच.

घासायचा असेल तर १८-२० मिलिमीटर जाडीच्या काचेच्या दोन गोल चकत्या, एक आरसा होणार एक टूल. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२०, ४००, ६०० असं बारीक होत जायचं. वरची काच पुढंमागं ढकलत, थोडी फिरवत, खालची काच ज्या ड्रमवर ठेवली त्याच्याभोवती आपणही फिरत राहायचं, वरची आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. खोलगटपणा किती? मध्यभागी फक्त १.२ मिलिमीटर, विश्वास बसत नाही पण तेवढाच. नंबर बदलताना हात, बादली, फडकं, ड्रम, सगळं धुवायचं, ८० चा एक दाणा जरी ४०० मध्ये आला तरी लांबलचक ओरखडा आणि परत मागं. शेवटी टूलवर पिचचा (डांबरासारखा चिकट पदार्थ, आट्यांची पिच नव्हे) थर आणि सेरियम ऑक्साइडनं पॉलिश, ही तांबूस-पांढरी पूड चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांकडं चौकशी केली तर मिळून जाते. वक्र तपासायला ब्लेड आणि एलईडीची फूको टेस्ट, लिओन फूकोनं १८५८ मध्ये काढलेली, आजही तेवढीच भारी. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा मात्र घरी होत नाही, त्याला व्हॅक्युम चेंबर लागतो, काच बाहेर पाठवावी लागते.

हे सगळं वाचून दम लागला असेल तर तयार आरसा मागवा, कमीपणा काही नाही. मला विचाराल तर ज्याला फोटोच काढायचेत त्यानं आरसा विकत घ्यावा आणि तो वेळ स्टँडवर घालवावा. घासण्याची मजा वेगळी आहे, पण ती वेगळीच हौस झाली.

नळीसाठी लोक पीव्हीसी पाइप शोधत फिरतात, जड होतो आणि उन्हात वाकतो. प्लायची चौकोनी पेटी करा, आतून १९० मिलिमीटर, सुतार अर्ध्या दिवसात देतो. आतून फळ्याला लावतात तो काळा रंग मारा, ऑइल पेंट नको, चमकतो. तिरका छोटा आरसा ३५ ते ४० मिलिमीटरचा, तो उजेड पेटीच्या बाजूला वळवतो. मोठा आरसा तीन ठिकाणी सिलिकॉनचे ठिपके देऊन फळीवर बसवा, आणि ती फळी तीन बोल्ट, तीन स्प्रिंग, तीन विंग नटवर, म्हणजे मागून पिळून नेम जुळवता येतो. आता फोटोवाल्यांसाठी महत्त्वाचं: या फळीची भोकं गोल पाडू नका, पेटीत ६०-७० मिलिमीटर लांबीच्या खाचा पाडा. डोळ्यानं बघताना फोकस जिथं लागतो तिथं कॅमेऱ्याचा सेन्सर पोचतच नाही, कारण अ‍ॅडॉप्टर धरून तो साडेपाच सेंटिमीटर आत बसलेला असतो. आरसा तेवढा पुढं सरकवला की फोकस बाहेर येतो. हे आधी केलं नाही तर पेटी नंतर कापावी लागते.

फोकसरसाठी, म्हणजे आयपीस धरून मागंपुढं करणाऱ्या नळीसाठी, आयपीस (डोळा लावायचं भिंग) खिशात घालून प्लंबिंगच्या दुकानात जा. आयपीसचा दांडा सव्वा इंची असतो, कपलर, रिड्युसर घालून घालून बघायचं, सैल असेल तर आतून फ्लॅनेलची पट्टी, एका बाजूनं भोक पाडून छोटा स्क्रू. दुकानदार विचारतोच, "नळ कुठला बसवालाय ओ?"

स्टँड डॉब्सनचा. जॉन डॉब्सन म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस, रामकृष्ण परंपरेतल्या मठात वीसेक वर्षं संन्यासी होता, तिथं जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून आरसे करायचा आणि शेवटी त्याच नादापायी मठातून बाहेर पडावं लागलं. आपल्या किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमात जाणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असावी असं मला उगाच वाटतं. तर त्याची युक्ती साधी, प्लायची पेटी, त्यात दोन गोल कानांवर नळी बसते, खालून पाटावर पाट फिरतो. रहस्य आहे ते घासणाऱ्या जागेत, एका बाजूला खरबरीत सनमायका आणि दुसऱ्या बाजूला टेफ्लॉनचे तीन तुकडे. टेफ्लॉन हायड्रॉलिक सीलचं सामान विकणाऱ्यांकडं तुकड्यात मिळतं. बॉल बेअरिंग अजिबात नको, इतकं हलकं फिरतं की वाऱ्यानं पण सरकतं.

चंद्र आणि ग्रह

१२०० च्या दुर्बिणीत चंद्राचं चित्र सेन्सरवर ११ मिलिमीटरचं पडतं, डीएसएलआरमध्ये छान मावतं. आयएसओ १०० ला एक सेकंदाचा दोनशेवा भाग, तिथून वरखाली करा. पौर्णिमेचा चंद्र काढू नका, सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी ते दशमीला उजेड-अंधाराच्या रेषेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात, तेव्हा काढा. झोप नसेल येत तर संकष्टी सोडल्यावरचा चंद्र पण चांगला, वर यायला वेळ लागतो एवढंच.

डीएसएलआर नाही, मोबाइलच आहे? जुनं बॅक कव्हर घ्या, कॅमेऱ्याच्या भोकाशी आयपीसवर घट्ट बसेल असं झाकण एमसीलनं चिकटवा, वाळायच्या आत मोबाइल लावून गोल मध्यभागी आणा. स्क्रीनवर चंद्र दाबून धरला की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेड खाली ओढा. बटण मोबाइलवर नाही, इअरफोनच्या व्हॉल्युमचं.

गुरू, शनीला फोटो नाही, व्हिडिओ. गुरूचं चित्र सेन्सरवर पाव मिलिमीटर एवढंच पडतं, त्यामुळं बार्लो लेन्स (चित्र मोठं करणारी जादा लेन्स) लागते किंवा आयपीसमागून मोबाइल. जुना वेबकॅम असेल तर त्याची पुढची लेन्स काढून टाका आणि फिल्म रोलची डबी लावा, ती बरोबर सव्वा इंची फोकसरमध्ये बसते, जुन्या फोटो स्टुडिओवाल्याकडं अजून सापडतात. डॉब्सन आपोआप फिरत नाही म्हणून ग्रह एका कडेला ठेवायचा, तो सरकत दुसऱ्या कडेला जाईपर्यंत रेकॉर्ड करायचं, परत आणायचं. मग पिप आणि ऑटोस्टॅकर्ट या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमनं चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक चढवायच्या, रजिस्टॅक्सनं धार काढायची. सगळं फुकट आहे. ताऱ्यांसाठी डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल, त्यात झाकण लावून काढलेले दहावीस डार्क पण द्यायचे, आणि लेन्सवर पांढरं बनियन ताणून पहाटेच्या उजेडात काढलेले फ्लॅट. आळस करू नका, कडेचा काळपटपणा त्यानंच जातो.

सूर्याकडं फक्त सोलर फिल्म पुढच्या तोंडाला घट्ट बांधून. एक्स-रे, काजळी धरलेली काच, वेल्डिंगची कुठलीही काच, काही चालणार नाही, डोळा एका क्षणात जातो. फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) पण झाकण.

कुठं आणि कधी

शहरातनं चंद्र-ग्रह गच्चीवरनं होतात. तेजोमेघांना बाहेर पडायला पाहिजे. जांबोटी-कणकुंबीकडं काळोख मस्त, पण पश्चिमेकडं दमट, मध्यरात्रीनंतर लेन्स घामेजते. पुठ्ठ्याची किंवा योगा मॅटची लांब टोपी करा, आणि गरम मिठाची पुरचुंडी लेन्सच्या बाजूला बांधा, समोर नाही. सौंदत्ती-यरगट्टीकडची हवा कोरडी, ऑक्टोबरपासूनच बरी मिळते. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचा गळीत हंगाम, कुठं उसाचा पाला पेटवलेला असेल तर त्या बाजूचं आभाळ गेलं म्हणून समजा, वारा बघून जागा निवडा.

आपल्याला एक फायदा आहे जो दिल्लीवाल्यांना नाही, दक्षिणेचं आभाळ. एप्रिल-मे मध्ये त्रिशंकू दक्षिण क्षितिजावर १४ अंश येतो, आणि ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ २६-२७ अंशांवर, फळीच्या ट्रॅकरवर ५० च्या लेन्समध्येसुद्धा गोळा दिसतो. आकाशगंगेचा मध्य मूळ नक्षत्राच्या शेजारी, मार्च ते मे पहाटे काढून घ्या, वळवाच्या ढगांनी सोडलं तर. जूनपासून चार महिने विसराच.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका, परवानगीही नाही आणि गवे-अस्वलं पण आहेत. ओळखीच्या माणसाचं शेत बघा, मालकाला आणि गावातल्या दोनचार जणांना दिवसाच सांगून ठेवा. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून आपण लाल दिवा वापरतो, पण रात्री लाल दिवा लावून कोण तरी शेतात बसलंय म्हटल्यावर गुप्तधनवाले आले अशी बातमी पाच मिनिटांत फिरते. बॅटरी घेऊन लोक आले, "काय करालाय ओ इतक्या रात्री?" म्हणाले की वाद घालू नका, शनी दाखवा. त्यांची बॅटरी मात्र आधी बंद करायला सांगा.

पावसाळ्यात सामानाला बुरशी धरते, खानापूर भागात तर नक्कीच. आरसा, आयपीस, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर परतून परत वापरता येतं. आरशावर धूळ दिसली म्हणून फडक्यानं पुसू नका, मुलामा जातो, पाण्याच्या धारेखाली धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओता आणि उभा ठेवून वाळवा. रॉडला ग्रीस लावून ठेवा, पेटी जमिनीवर नको, वाळवी लागते, विटांवर ठेवा.